मृणालचा पापुद्रा

९ जुलै १९९८
सकाळी ताईकडे गेलो तर घरात सुतक असल्यासारखी शांतता. कुणी गेलं नव्हतं. मृणालनं, म्हणजे ताईच्या थोरलीनं, पुण्याच्या संगणक कंपनीची नोकरी नाकारली, एवढंच. आता भौतिकशास्त्रात संशोधन करणार. भावजी कालचाच पेपर वाचत बसलेले. ताई म्हणाली, "तूच समजाव. तुझं ऐकते ती." माझं घरात मांजरही ऐकत नाही.

विचारलं, कशावर संशोधन? "संगणक जिथं गोष्टी लक्षात ठेवतो ना मामा, ती जागा लहान लहान करत न्यायची. केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातल्या एकाएवढी." म्हटलं, आमच्या पाठशाळेत गुरुजींनी खिडकीतल्या उन्हात तरंगणारा धुळीचा कण दाखवून परमाणू शिकवला. यंत्र लागलं नाही, परदेशी पुस्तकं लागली नाहीत.
"त्यांनी मोजला होता का?"
नाही. शिकवून झाल्यावर आम्हालाच खोली झाडायला लावली होती.
समजावणं संपलं. चहा घेऊन आलो.

३० डिसेंबर १९९९
संपादकांचा फोन. "शास्त्रीबुवा, परवा दोन हजार साल लागलं की सगळे संगणक बंद पडणार. नाशिकचं काय ते द्या." नाशिकचं काय असणार? रविवार कारंजावरच्या बँकेत एक संगणक. त्यावर मॅनेजरच्या बायकोनं विणलेला रुमाल, आणि रुमालावर फुलदाणी. मृणालला पुण्याला फोन लावला. म्हणाली, काही होणार नाही. तसंच लिहून पाठवलं. छापलं नाही. 'काही होणार नाही' ही बातमी होत नाही, असं मला बावीस वर्षांच्या नोकरीनंतर सांगण्यात आलं.

२ जानेवारी २०००
काही झालं नाही. संपादक म्हणतात, आपण वाचकांना वेळीच सावध केलं म्हणून.

११ ऑगस्ट २००३
सिंहस्थामुळे निम्मे रस्ते बंद. द्वारका चौकापासून चालत आली मृ. डॉक्टर झाली एकदाची. कुणाची नाडी बघता येत नाही अशी डॉक्टर. नाशिकमध्येच राहायचं म्हणते. अण्णासाहेबांच्या कॉलेजात लागली. 'तासिका तत्त्वावर'. म्हणजे जेवढे तास शिकवशील तेवढंच मानधन, सुट्टी लागली की एकादशी. कायम नेमणुकीचं बघू म्हणाले.

संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांच्याकडे द्राक्षबाग, मंगल कार्यालय आणि महाविद्यालय. तिन्ही ठिकाणी मांडववाला एकच, आणि माझ्या मते अभ्यासक्रमही.

६ मे २००५
मृ.ची प्रयोगशाळा पाहिली. पूर्वी क्रीडा विभागाची अडगळ होती. कोपऱ्यात भाले अजून आहेत. गेलो तेव्हा भारनियमन, त्यामुळे अंधारातच दर्शन.

एक काचेची पेटी. तिच्यात काचेच्या छोट्या पट्ट्या. पट्टीवर कसलंसं द्रव पसरायचं, वाळू द्यायचं, की अतिसूक्ष्म कणांचा पापुद्रा उरतो. त्याला वीज दिली की त्याची अवस्था बदलली पाहिजे, आणि वीज काढून घेतली तरी बदललेलीच राहिली पाहिजे. "म्हणजे त्यानं लक्षात ठेवलं. असा पापुद्रा जमला तर संगणक बंद पडला तरी काही विसरणार नाही."
म्हटलं, वीज जाण्याची सोय या शहरात उत्तम. योग्य ठिकाणी आलीस.
पापुद्र्याला अद्याप काही आठवत नाही. आमच्या संपादकांच्या जातीचा.
प्रयोगशाळेत मदतीला रंगनाथ, घोटीकडचा, दोन वर्षांत निवृत्त होईल. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई रोज करंट देत्यात त्याला. त्याला काय फरक पडत नाय. तुम्ही मामा ना? सांगा जरा."
सांगितलं काहीच नाही. सात वर्षांपूर्वी सांगून पाहिलं आहे.

११ ऑक्टोबर २००५, खंडेनवमी
सकाळी प्राचार्यांचा फोन. कॉलेजातल्या यंत्रांची पूजा आहे, मंत्र म्हणायला या. "उच्चार शुद्ध पाहिजेत, केबलवाले येणारेत." नाही म्हटलं. मंत्रानं यंत्र चाललं असतं तर मी जुना टाइपरायटर भंगारात घातला नसता. म्हणाले, हरकत नाही, कॅसेट लावतो. बरोबर आहे. कॅसेट दक्षिणाही मागत नाही, आणि तोंडही वाकडं करत नाही.

संध्याकाळी मृ. आली ती फणफणतच. कीबोर्डवर हळद-कुंकू, मीटरला झेंडूचा हार. प्राचार्य वणीहून कापराचा पुडा घेऊन आलेले, त्यांनी एकेका यंत्राची आरती केली. "माझ्या पेटीचं दार उघडून आत ताम्हन फिरवलं, मामा! आत पट्ट्या वाळत होत्या. ओल्या!"
"मग बोलली का नाहीस?"
"तासिका तत्त्वावर आहे मी."
सौ. म्हणाली, "असू दे गं, देवाचं आहे." मृ.नं पुरणपोळीवर राग काढला. दोन खाल्ल्या.

२० ऑक्टोबर २००५
दुपारी दार धडधडा वाजलं. मृ. "लक्षात ठेवतोय!"
काल एका पट्टीला वीज दिली, अवस्था बदलली, मग भारनियमन. आज येऊन बघते तर तशीच. उलटी वीज दिली, मूळ पदावर आली. पुन्हा दिली, पुन्हा बदलली. त्या घाण्यातल्या सगळ्या पट्ट्या तशाच. सौ.नं साखर ठेवली तिच्या हातावर.
मलाही आनंद झाला. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मीच नाकारीन.

२५ नोव्हेंबर २००५
मृ.चा निबंध परदेशातल्या नियतकालिकाकडे गेला. मी वाचला. क्रियापदं समजली.

१७ फेब्रुवारी २००६
निबंध स्वीकारला! आणि अण्णासाहेबांना शोध लागला, की मृणाल नावाची बाई आपल्या कॉलेजात शिकवते. कालपर्यंत ते तिला ग्रंथपाल समजत. आता: नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं केंद्र, दिल्लीहून अनुदान, एक मेला मंत्र्यांच्या हस्ते सत्कार. आणि त्याच मांडवात कायम नेमणुकीचा आदेश. ताईनं पेढे वाटले. भावजींनी पेपर खाली ठेवला, हे मी प्रथमच पाहिलं.

प्राचार्य घरी आले. स्मरणिकेसाठी लेख हवा, 'प्राचीन भारतातील नॅनो'.
"तुम्ही संस्कृतवाले. तुम्हाला सापडेल कुठंतरी."
"कुणी लिहून ठेवलं असेल तर सापडेल."
"असं काय करता शास्त्रीबुवा! थोडं ताणा. संस्कृतच आहे ना? ताणलं जातं."
त्यांना वाटतं संस्कृत म्हणजे त्यांच्या विजारीची नाडी. नकार दिला. स्मरणिकेत तो लेख येईलच, रसायनशास्त्राचे विभागप्रमुख लिहिणार आहेत म्हणे.

१२ मार्च २००६
मृ. गप्प. जेवताना वरण-भातात बोट फिरवत बसली. सौ.नं विचारलं, कुणी बघायला आलं होतं का? (सौ.च्या मते मुलगी गप्प होण्याचं कारण एकच.)

कारण वेगळं. नवे पापुद्रे केले. तीच कृती, तेच द्रव, तोच हात. एकालाही काही आठवत नाही. जुन्या पट्ट्या अजून चालतात. डिसेंबरपासून हेच चाललंय. कुणाला सांगितलं नव्हतं तिनं.
"थंडीमुळे?" मी.
"गरम करून पाहिलं."
"पाणी?"
"बदललं."
मग काकतालीय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. "नाही," म्हणाली, "फांदी तुटलीय. कावळा कोण ते सापडत नाहीये."

८ एप्रिल २००६
मृ. मुंबईला जाऊन आली. तिथल्या मोठ्या संस्थेत सूक्ष्मदर्शक आहे, त्याखाली जुनी पट्टी धरून फोटो काढून आणले. सीबीएस स्टँडवर एसटीतून उतरून थेट आमच्याकडे. फोटो टेबलावर मांडले. तिचे कण राखाडी, आणि त्यांच्यामधून काळ्या गोल मण्यांच्या माळा.
"काजळी आहे. माझ्या कृतीत काजळी नाहीच."
मी म्हटलं, आमच्या तर्कात पहिला धडाच तो. डोंगरावर धूर दिसला की समजावं, तिथं अग्नी आहे. एवढं शिकायला चार वर्षं घातली आम्ही.
कप खाली ठेवला तिनं. "नवमी."
"काय?"
"कापूर, मामा. दार उघडून ओवाळलं होतं ना आत. ओल्या पट्ट्यांवर धूर बसला."

मी हसलो. फार हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. परदेशातले पंडित पारखून मान डोलावतात ते कशावर, तर आमच्या प्राचार्यांच्या आरतीवर! मग पाहिलं, ती हसत नव्हती.
"हस तू. निबंधात मी लिहिलंय, की माझे कण लक्षात ठेवतात. ते खोटं आहे. मागे घ्यावा लागेल."
"सत्कारानंतर घे."
सौ.नं माझ्याकडे असं पाहिलं की मी पानाचा डबा शोधायला उठलो.
मागे घेतला तर कायम नेमणूक गेली, हे तिला माहीत आहे. तासिकावाल्यांचा करार जूनमध्ये संपतो. पुन्हा होईलच असं नाही. पुण्याच्या कंपनीत तिच्याबरोबर निवडले गेलेले आता अमेरिकेतून आंब्याच्या मोसमात येतात.
"आणि नाही घेतला तर?"
"तर कुणीतरी कुठंतरी माझी कृती वाचून पापुद्रे करत बसेल, मामा. कोरियात म्हण, कुठंही म्हण. त्याचं वर्ष जाईल. त्याला कुणी सांगणार नाही, की कापूर लाव."

११ एप्रिल २००६
मृ.नं प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले (तिच्या तोंडून ऐकलेलं): "मॅडम, चूक काय, कधीही सुधारता येते. मंत्री पुन्हा येत नाहीत."
या वाक्याला मी पदवी द्यायला तयार आहे. इतकी स्वच्छ विचारसरणी त्यांच्या संस्थेत अन्यत्र आढळत नाही.

१५ एप्रिल २००६
कॉलेज रोडवरचं सायबर कॅफे. शेजारच्या खुर्चीत एक पोरगा मोटारी उडवण्याचा खेळ खेळत होता, मोठमोठ्यानं. निबंध मागे घेण्याचं पत्र मृ.नं तीनदा वाचलं. मला म्हणाली, "तू बघ." मी इंग्रजीतला एक स्वल्पविराम काढला, उगाच, काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून. तिनं बटण दाबलं.
"गेलं?"
"गेलं."
बाहेर उसाचा रस घेतला. आलं जास्त होतं.
प्राचार्यांना तिनं कळवलं. ते म्हणाले, उत्तर येईपर्यंत आपल्याला काही माहीत नाही. सत्कार कायम.

१ मे २००६
आज जे पाहिलं ते नोंदवताना पेन अडखळतंय.
अण्णासाहेबांचं मंगल कार्यालय, मखरासकट. मागच्या लग्नातली 'शुभविवाह' ही पाटी अर्धवट झाकलेली. फेटे, तुताऱ्या, स्मरणिका. मंत्री उशिरा. मृ.नं फेटा नाकारला, शाल घेतली. बोलायला उभी राहिली. कागद नव्हता हातात.

आठवतं तेवढं: "माझा निष्कर्ष चुकीचा होता. मी निबंध मागे घ्यायचं पत्र पाठवलं आहे. जे घडलं ते मी केलेल्या कणांमुळे नाही घडलं. खंडेनवमीला आरती केली, त्या कापराची काजळी पट्ट्यांवर बसली, त्यामुळे घडलं. तेव्हा हा सत्कार मला घेता येणार नाही."
शाल काढून खुर्चीवर ठेवली.
ताईनं पदर तोंडाला लावला. मी मनात म्हटलं, शाबास पोरी, झालं, संपलं.
आणि मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी. मग अख्खं कार्यालय! लोक उभे राहिले. मंत्री रुमालानं डोळे पुसताहेत. अण्णासाहेबांनी माइक धरला: "बघा! परदेशी यंत्रांना जे साधलं नाही, ते आपल्या एका आरतीनं करून दाखवलं! आणि ही मुलगी किती नम्र, श्रेय देवाला देते!" तिथल्या तिथं घोषणा: नॅनो केंद्र नाही, 'कर्पूर संगणक संशोधन केंद्र'. पुन्हा तुताऱ्या.

मृ. माइककडे दोनदा गेली. दोन्ही वेळा तिला पुष्पगुच्छ देण्यात आला.

प्राचार्य माझ्या कानाशी: "कापूर मीच आणला होता, वणीहून. तेवढं बातमीत घ्या."

आयुष्यभर मूर्खपणावर बातम्या दिल्या. वाटलं होतं, तळ पाहून झालाय.

२ मे २००६
मी पाठवलेली बातमी: 'संशोधिकेकडून चूक मान्य, निबंध मागे'. छापलेली बातमी: 'आरतीच्या कापराने चालणार संगणक!' खाली माझं नाव. फोन केला. संपादक म्हणाले, "चूक मान्य केल्याचा मुद्दा घेतलाय की शेवटच्या परिच्छेदात." शेवटचा परिच्छेद चिवड्याच्या जाहिरातीनं खाल्लेला.
दूधवाल्यानं अभिनंदन केलं.
नियतकालिकाचं उत्तर आलं मृ.ला. निबंध मागे घेतल्याची नोंद करतो, प्रांजळपणाबद्दल आभार. दोन ओळी. तिनं त्या मला वाचून दाखवल्या आणि म्हणाली, "एवढ्यासाठी बरं वाटलं."

५ मे २००६
कायम नेमणुकीचा आदेश आला! केंद्राची प्रमुख. अट एकच: मृ.नं एका निवेदनावर सही करायची, की पूजेच्या कापराच्या विशेष गुणामुळे स्मरणशील पापुद्रा तयार झाला. सोमवारपर्यंत होकार कळवायचा. नाहीतर जूनपासून तासिकाही नाहीत, हे प्राचार्यांनी तोंडी, हसत.
ताईकडे बैठक.
ताई: "घे की! आता काय खोटं आहे त्यात? कापरामुळेच झालं, तूच म्हणालीस स्टेजवर."
मृ.: "हो."
"मग?"
"विशेष गुण म्हणजे काय ते मी बघितलेलं नाही, आई. काजळी ती काजळी. रॉकेलच्या चिमणीची चालेल, तुपाच्या निरांजनाची चालेल, रिक्षाची पण चालेल कदाचित. तसं असेल तर कापराचं काय विशेष?"
भावजी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सरळ प्रश्न: "आणि रॉकेलची नाही चालली तर?"
"तर सही करीन. अण्णासाहेबांनी सांगितलं म्हणून नाही, खरं निघालं म्हणून."
मी म्हटलं, त्या माणसाखाली काम करशील? त्या मखरात?
"मामा, तुला तो माणूस हास्यास्पद वाटतो. मलाही वाटतो. पण तो हास्यास्पद आहे म्हणून काजळीनं चालायचं थांबायचं का?"


प्राचार्यांना कळलं. म्हणाले, हे प्रयोग केंद्र सुरू झाल्यावर करा. मृ. म्हणाली, रविवारी करते.

७ मे २००६, रविवार
कॉलेजच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. ऊन मरणाचं.
काल सकाळी भद्रकालीच्या बाजारातून चिमणी घेतली. दुकानदार म्हणाला, "आता कोण नेतं ही? भारनियमनाची कृपा." रॉकेल रंगनाथनं घरून आणलं. मृ.नं चार ओल्या पट्ट्या केल्या. एक कापराच्या धुरावर, एक रॉकेलच्या, एक तुपाच्या, एक धुराशिवाय. कुठली कशावर धरली ते मृ.ला कळता कामा नये, म्हणून तिला बाहेर काढून मी आणि रंगनाथनं ते केलं. मी धूर धरला, त्यानं पट्ट्या. ओवाळताना सवयीनं त्याचे ओठ हलायला लागले. "रंगनाथ, मंत्र नको." "नाय वो, खोकला दाबतोय." मग मी पट्ट्यांच्या मागे आकडे टाकले. मृ. म्हणाली, "मला आधीच माहीत असलं की हात आपोआप हवं तिकडं झुकतो. माझाही." आज सकाळी सगळ्यांना वीज दिली, मग भारनियमन. आता वीज आलीय, कुणाला काय आठवतंय ते बघायचं.

मला आत थांबू देत नाही. "तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. लहानपणी पत्ते खेळताना पण दिसायचं."

रॉकेलची चालली तर अण्णासाहेबांचं केंद्र गेलं. त्यांचं तोंड पाहायला मी घोटीपर्यंत अनवाणी जाईन. पण केंद्राबरोबर मृ.ची नोकरीही गेली. नाही चालली तर तिला नोकरी, आणि मला उरलेलं आयुष्य 'कर्पूर' या शब्दासमोर नमस्कार करत काढायचं. सकाळपासून ठरवू पाहतोय, मला यातलं काय हवंय. सगळ्यांवर हसून झालं आणि आता हसायला जागाच सापडत नाही.

आतून: "एक नंबर काहीच नाही, मामा!"
एक म्हणजे धुराशिवायची. बरोबर.
रंगनाथ शेजारी येऊन बसलाय. विडी काढली, परत ठेवली. "आज धूर नको," म्हणाला.
"दोन चालतेय! छान चालतेय!"
दोन म्हणजे कापूर. म्हणजे एप्रिलमध्ये तिनं ओळखलं ते खरं होतं. रंगनाथनं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांनी तोंडं मिटून घेतली.

खुर्ची सरकल्याचा आवाज. "तीन लावते आता."
तीन म्हणजे रॉकेल.
मी भिंतीकडे तोंड करून बसलोय.